सरावासाठी छोटा ॲम्प्लिफायर निवडताना

इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य एकटे घेतले तर अपुरे असते. साध्या गिटारला पोकळ लाकडी पेटी असते. तारेचे कंपन त्या पेटीत घुमते आणि खोली भरून टाकते. इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तार छेडली तरी शेजारच्या खोलीत तिचा पत्ता लागत नाही. मात्र तारांच्या खाली बसवलेल्या पिकअपमध्ये लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार चुंबकांवर कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते व वेढ्यांत विद्युत्दाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये जे तत्त्व प्रयोगाने सिद्ध केले, तेच हे. हा दाब एका व्होल्टच्या अंशाएवढाच असतो. तो वाढवून स्पीकरपर्यंत पोचवणारा ॲम्प्लिफायर जोडला म्हणजे मग वाद्य पुरे झाले असे म्हणता येते.

हे लक्षात घेतले तर एक गोष्ट सहज ध्यानात येईल. मुलाला अगर मुलीला गिटार घेऊन देताना आईवडील दहा दुकाने फिरतात, लाकूड पाहतात, रंग पाहतात. आणि ॲम्प्लिफायर मात्र ‘सोबत जो मिळेल तो’ म्हणून घरी आणतात. वस्तुतः शिकणाऱ्याच्या कानावर जे काही पडते ते सर्व या दुसऱ्या अर्ध्या भागातून येते. तो भाग खोटे बोलू लागला तर विद्यार्थी वर्षभर चुकीचा हात बसवतो आणि त्याला ते कळतही नाही. किंवा आवाज इतका कर्कश असतो की घरचे कंटाळतात, शेजारी तक्रार करतात आणि तीन महिन्यांत गिटार कपाटावर जाते. आपल्या मंडळ्यांतून गिटार शिकू पाहणारी तरुण मुले पुष्कळ आहेत. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने अभ्यास करावा असे वाटले.

प्रस्तुत लेखात आपण ज्याचा विचार करणार आहोत तो ॲम्प्लिफायर श्रोत्यांसाठी नाही. तो वाजवणाऱ्याने स्वतःला ऐकावे यासाठी आहे. एकदा हा उद्देश निश्चित केला की निवडीची कसोटीही निश्चित होते: अगदी कमी आवाजात, दीड-दोन हातांच्या अंतरावरून, तो बोटांचे बरेवाईट स्पष्टपणे ऐकवतो का? बाकीचे सर्व प्रश्न यानंतरचे.

वॅटचा भ्रम

दुकानदार प्रथम वॅट सांगतो आणि ग्राहकही वॅटच विचारतो. दहा वॅटचा ॲम्प पाच वॅटच्या ॲम्पपेक्षा दुप्पट मोठ्याने वाजेल असा आपला समज असतो. तसे होत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला हा फरक जाणवतो, पण थोडासाच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल वाढावे लागतात आणि त्यासाठी शक्ती दसपट लागते. म्हणजे ३ वॅट आणि ३० वॅट यांत कानाच्या हिशेबाने एका दुपटीचेच अंतर आहे. शिवाय स्पीकर मोठा व कार्यक्षम असेल तर कमी वॅटही अधिक दूर पोचतात. झोपण्याच्या खोलीत सरावाला १ वॅटसुद्धा पुष्कळदा पुरेसा होतो.

उलटपक्षी, फार वॅटचा ॲम्प घरी आणला तर वेगळीच अडचण उभी राहते. त्याचे व्हॉल्यूमचे बटण शून्यापासून किंचित हलवले की आवाज एकदम उसळतो, आणि खालच्या पट्ट्यात हवे तेवढेच ठेवणे जमत नाही. चाळीत, वन रूम किचनमध्ये किंवा वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्या खालच्या पट्ट्याचीच गरज असते.

पिगनोझ ते मोबाईलचे ॲप

छोट्या ॲम्पची कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९७३ मध्ये पिगनोझ या नावाचा एक लहानसा ॲम्प बाजारात आला. सहा पेन्सिल सेलवर चालणारा, ५ वॅटचा, ५ इंची स्पीकरचा, आणि सगळ्या कारभाराला एकच बटण. ते बटण डुकराच्या नाकासारखे दिसे, म्हणून हे नाव. त्याची पेटी बिजागरीवर उघडते; झाकण कमीअधिक उघडले की आवाजाचा पोत बदलतो. स्पीकरच्या मागच्या बाजूने निघालेला ध्वनी पुढच्या ध्वनीत कसा मिसळतो यावर तो बदल अवलंबून असतो. आजच्या दृष्टीने हे यंत्र अगदी साधे, परंतु प्रवासात, हॉटेलच्या खोलीत वादकाला सराव करता यावा ही सोय त्याने करून दिली.

त्यानंतर १९८२ मध्ये ‘बॉस्टन’ या वाद्यवृंदाचे टॉम शोल्झ यांनी रॉकमन आणला. शोल्झ हे एम.आय.टी. या संस्थेत शिकलेले अभियंते. रॉकमनला स्पीकरच नव्हता. खिशातल्या टेपरेकॉर्डरएवढी डबी कमरेला लावायची आणि हेडफोनवर ऐकायचे.

आज मिळणारे बहुतेक प्रकार या दोघांचेच वंशज आहेत असे म्हटले तर वावगे होणार नाही. मार्शलचा एम.एस.–२ हा १ वॅटचा, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालणारा, पट्ट्याला अडकवता येणारा ॲम्प. व्हॉक्सचा ॲमप्लग तर थेट गिटारच्या भोकातच बसतो आणि हेडफोनवर ऐकवतो. रोलंडच्या मायक्रो क्यूब जी.एक्स. मध्ये ३ वॅट, ५ इंची स्पीकर व सहा पेन्सिल सेल आहेत. बॉसच्या कटाना मिनीमध्ये ७ वॅट, ४ इंची स्पीकर व तितकेच सेल. ब्लॅकस्टारचा फ्लाय ३ नावाप्रमाणे ३ वॅटचा. यामाहाच्या टी.एच.आर. मालिकेने दोन छोटे स्पीकर घालून घरातल्या म्युझिक सिस्टमसारखा भरीव आवाज देण्याचा प्रयत्न केला. पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क गो २०२३ मध्ये आला. तो ५ वॅटचा असून मोबाईलसारखा चार्ज होतो आणि त्याची बरीचशी बटणे मोबाईलमधल्या ॲपमध्येच आहेत. ही नावे केवळ प्रकार समजावेत म्हणून दिली. यांपैकी अमुकच घ्या असा आग्रह नाही.

गेन आणि व्हॉल्यूम

या भागाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण नवशिक्याची फसगत येथेच होते.

ॲम्पवर बहुधा दोन बटणे जवळजवळ असतात: गेन आणि व्हॉल्यूम. मराठीत दोहोंना ‘आवाज वाढवण्याचे बटण’ म्हणून आपण मोकळे होतो. भाषेने भेद केला नाही की हातही भेद करत नाही. व्हॉल्यूम हे स्पीकरमधून किती मोठ्याने ऐकू यावे ते ठरवते. गेन हे आत शिरलेल्या संकेताला सुरुवातीलाच किती फुगवायचे ते ठरवते. तो प्रमाणाबाहेर फुगला की ॲम्पच्या मंडलात मावत नाही. लहरीचे वरचे व खालचे शेंडे कापले जातात आणि आपल्याला परिचित असलेला तो घरघरणारा, लांबणारा आवाज मिळतो. त्याला ओव्हरड्राइव्ह अगर डिस्टॉर्शन म्हणतात.

आता शेंडे कापले गेले याचा अर्थ काय? हळू छेडलेली तार आणि जोराने छेडलेली तार यांतला फरक बुजला. बोट नीट दाबले गेले नाही म्हणून जो स्वर लवकर मरायला हवा होता, तो लांबत राहिला. कॉर्डमधल्या सहा तारांपैकी एक मुकी राहिली तरी एकंदर गर्जनेत ती कळली नाही. विद्यार्थ्याला वाटते, आपण छान वाजवतो. मग एखाद्या रविवारी त्याला साधी गिटार हाती घेऊन गायकवृंदाबरोबर वाजवावे लागते आणि निम्म्या कॉर्ड बसतच नाहीत.

ओव्हरड्राइव्ह वाईट आहे असे मुळीच नाही. तो या वाद्याच्या भाषेचाच भाग आहे. आणि गेन वाढवलेला असताना नको असलेल्या तारा तळहाताने दाबून शांत ठेवणे हे एक स्वतंत्र कौशल्य आहे, त्याचा सरावही गेन वाढवूनच करावा लागतो. परंतु क्रम महत्त्वाचा. प्रथम गेन खाली ठेवून, स्वच्छ आवाजात बोट घडवावे. म्हणून छोटा ॲम्प निवडताना त्याचा स्वच्छ आवाज कसा आहे हेच आधी पाहावे. कित्येक स्वस्त ॲम्पमध्ये स्वच्छ आवाज नावापुरताच असतो. गेन पुरता खाली केला तरी थोडे जोराने वाजवताच तो फाटतो. बॅटरीचा दाब कमी, शक्ती कमी, त्यामुळे मोकळी जागा कमी, हे कारण. अर्धा किंवा १ वॅटच्या ॲम्पपेक्षा ३ ते ७ वॅटचा ॲम्प घ्यावा असे मी सुचवतो ते एवढ्याचसाठी. मोठ्याने वाजावे म्हणून नव्हे, हळू वाजताना स्वच्छ राहावे म्हणून.

इफेक्टची संख्या हे दुसरे आमिष. रिव्हर्ब, डिले, कोरस, शिवाय तीस-चाळीस प्रसिद्ध ॲम्पच्या नकला. थोडासा रिव्हर्ब असावा. लहान खोलीत कोरडा आवाज कानाला रुक्ष वाटतो आणि वाजवणारा लवकर थकतो. ट्यूनर व मेट्रोनोम असतील तर फारच उत्तम. मोबाईलवरील साथीची धून ॲम्पमधून ऐकण्यासाठी जोडणी असावी. यापलीकडे जे आहे ते पहिला आठवडा करमणूक करते.

लहान स्पीकरच्या मर्यादेविषयीही दोन शब्द. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. एवढा खालचा स्वर ३ किंवा ५ इंची स्पीकरला नीट उभा करता येत नाही, कारण त्यासाठी बरीच हवा ढकलावी लागते. तरीही आपल्याला तो स्वर ओळखू येतो. त्याच्या वरच्या उपस्वरांवरून आपला मेंदू मूळ स्वर भरून काढतो. त्यात आणखी एक भर अशी की, आवाज कमी असताना मानवी कानाला खालचे स्वर मुळातच कमी ऐकू येतात. फ्लेचर व मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख प्रसिद्ध केले. तेव्हा हळू सराव करताना ॲम्प पातळ वाटला तर बास थोडा वाढवावा आणि ॲम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीवर, कानाच्या दिशेने ठेवावा. जमिनीवर ठेवलेल्या ॲम्पचा आवाज गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही.

घरात म्युझिक सिस्टम आहे, तीतच गिटार लावू, असे काहीजण म्हणतात. पिकअपला फार मोठ्या रोधाचा इनपुट लागतो. गिटारच्या ॲम्पमध्ये तो सुमारे १० लाख ओहम असतो. म्युझिक सिस्टमचा इनपुट त्याच्या कितीतरी खाली असतो, म्हणून आवाज बसका व मंद येतो. ब्लूटूथ स्पीकरची गोष्ट आणखी वेगळी. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाइतका, कधी त्याहूनही अधिक, उशिरा पोचतो. साथीची धून ब्लूटूथने ऐकायला हरकत नाही, पण आपलाच स्वर उशिरा ऐकत ताल धरणे अशक्य आहे.

सेल, चार्जर आणि अर्थिंग

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी दिसायला सुटसुटीत, पण तिच्यात साठा थोडा. सहा पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले तरी ९ व्होल्टच होतात आणि त्यांच्यात त्या एका बॅटरीच्या सुमारे चौपट ऊर्जा मावते. पेन्सिल सेल गावोगावच्या किराणा दुकानातही मिळतात. रोज वाजवणाऱ्याने चार्ज होणारे सेल घ्यावेत. त्यांचा दाब प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे सहांचा ७.२ व्होल्ट भरतो. बहुतेक ॲम्प त्यावर चालतात, तरी पुस्तिकेत पाहून घ्यावे. आतच लिथियम बॅटरी असलेला ॲम्प सोयीचा खरा, मात्र ती बॅटरी काही वर्षांनी थकते. ती बदलून मिळते का, हे विकत घेतानाच विचारावे. पावसाळ्यात ॲम्प पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत. सेल पाझरले की पितळी पट्ट्या खाऊन टाकतात.

ॲडॅप्टर घेताना व्होल्ट जुळले म्हणजे काम झाले असे समजू नये. पिनच्या मधल्या टोकाला धन आहे की ऋण, हे ॲम्पच्या पाठीवर छोट्या आकृतीने दाखवलेले असते. गिटारच्या पुष्कळ उपकरणांत मधले टोक ऋण असते, आणि बाजारातले इतर अनेक ॲडॅप्टर नेमके उलटे असतात. चुकीचा लावला तर ॲम्प क्षणात निकामी होऊ शकतो.

मुख्य विजेवर चालणाऱ्या ॲम्पच्या बाबतीत अर्थिंगचा प्रश्न जिवाशी संबंधित आहे, म्हणून तो येथे सांगितलाच पाहिजे. गिटारच्या तारा केबलमार्गे ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. ॲम्पला अर्थिंग नसेल व आत काही बिघाड झाला तर ती वीज तारांवर येते. वाजवणाऱ्याचा हात तारांवर आणि ओठ दुसऱ्या जोडणीवरच्या मायक्रोफोनला, अशी स्थिती झाली की शरीरातूनच मंडल पूर्ण होते. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वे यांचा १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावरच विजेचा धक्का बसून मृत्यू झाला. त्यांचा हात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला लागला होता. आपल्याकडील जुन्या इमारतींत आणि मांडवांत तीन छिद्रांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. वायरमनकडून तपासून घ्यावे. गुणगुण कमी होते म्हणून अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. केवळ सेलवर चालणारा ॲम्प या धोक्यापासून मोकळा असतो, आणि भारनियमनापासूनही.

दुकानात काय करावे

गिटार आणि केबल स्वतःची न्यावी. दुकानातल्या महागड्या गिटारवर कोणताही ॲम्प बरा वाटतो. विक्रेता गेन वाढवून वेगात चार सुरावटी वाजवून दाखवील. त्याचे आभार मानावेत आणि सर्व बटणे स्वतः मध्यावर आणून, गेन खाली घेऊन सुरुवात करावी. एक तार मोकळी व मग बाराव्या पट्टीपर्यंत चढत वाजवावी. कोठे स्वर दबतो किंवा पेटी थरथरते का ते ऐकावे. तीच कॉर्ड एकदा हळुवार, एकदा जोराने वाजवावी. दोन्हींत फरक पडला पाहिजे. कॉर्ड वाजवून हात थांबवावा आणि ती पुरती विरेपर्यंत ऐकत राहावे. शेवटी आवाज खरखरत तुटतो की सावकाश मावळतो? मग कोणी शेजारी बोलत असेल त्याचे शब्द स्पष्ट कळतील इतका व्हॉल्यूम खाली न्यावा. या पातळीवर जो ॲम्प अजून गोड व स्पष्ट राहतो तो घ्यावा. शेवटी हेडफोन लावून पाहावा. काही ॲम्पचा स्पीकरचा आवाज चांगला आणि हेडफोनचा अगदी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा असतो.

हेडफोनच्या बाबतीत एक सावधगिरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा अधिक ऐकू नये आणि मुलांसाठी ती पातळी ७५ डेसिबल आहे. पातळी दर ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. बाहेर कोणाला ऐकू येत नाही म्हणून विद्यार्थी व्हॉल्यूम चढवत जातो; त्याला अडवणारे कोणीच नसते. मुलगा हेडफोन लावून बसला असता हाक मारून पाहावी. ओ मिळाली नाही तर व्हॉल्यूम कमी करायला सांगावे.

मंडळीच्या सभागृहात

छोट्या ॲम्पकडून काय अपेक्षा करू नये, हेही सांगणे प्राप्त आहे. ड्रम, कीबोर्ड आणि शंभर माणसांचे गायन यांच्यापुढे ३ किंवा ५ वॅटचा ॲम्प ऐकूच येत नाही. तेथे त्याच्यापुढे मायक्रोफोन ठेवावा, अगर त्याला लाइन आउट असेल तर ती सभागृहाच्या मिक्सरला जोडावी. हेडफोनच्या भोकातूनही पुष्कळदा काम भागते, व्हॉल्यूम मात्र हळूहळू वाढवावा. घरगुती प्रार्थनासभेला वीस-पंचवीस माणसे असतात. तेथे हाच छोटा ॲम्प नेमका पुरतो, आणि एस.टी.त मांडीवर ठेवून नेता येतो.

डिसेंबरातल्या कॅरल फेरीला तर सेलवर चालणाऱ्या ॲम्पसारखा सोबती नाही. त्या वेळी ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांचे स्मरण असावे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आहे; राज्य शासन वर्षातून ठरावीक दिवस, जास्तीत जास्त १५, मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ते दिवस कोणते हे आधी चौकशी करून घ्यावे. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ॲम्प लहान असला तरी तो ध्वनिवर्धकच आहे.

ज्यांना डागकाम येते त्यांच्यासाठी एक शेवटची माहिती. एल.एम. ३८६ नावाची आठ पायांची चिप, काही रेझिस्टर, कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी आणि जुन्या रेडिओचा स्पीकर एवढ्यावर अर्ध्या वॅटच्या आसपासचा ॲम्प घरी तयार होतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे लजपतराय मार्केट, बंगळुरूचा एस.पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, यांपैकी कोठेही हे सर्व भाग थोडक्या पैशांत मिळतील. चिपच्या पुढे एक ट्रान्झिस्टर, शक्यतो एफ.ई.टी., जरूर घालावा. तो वगळून गिटार थेट चिपला जोडली तर वर सांगितलेला बसकेपणा येतो. स्वच्छ आवाजाच्या बाबतीत हा ॲम्प विकतच्या चांगल्या ॲम्पची बरोबरी करणार नाही, परंतु तो बिघडला तर दुरुस्त कसा करायचा हे करणाऱ्याला ठाऊक असते.